अस्थिमज्जा-दान : भय आणि वस्तुस्थिती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. शेकडो लोक जखमी होतात, तरी पुढील वर्षी माणसे पुन्हा पात्रात उतरतातच. परंतु याच पांढुर्णा-सौसर भागात अस्थिमज्जा-दानासाठी नाव नोंदविण्याची गोष्ट आम्ही काढली, की ऐकणाऱ्याचा हात नकळत पाठीच्या कण्याकडे जातो. असे का व्हावे?

याचे एक कारण शब्दांतच आहे. 'मज्जा' म्हणताच आपणांस 'मज्जारज्जू' आठवतो; पण या दोन वस्तू सर्वस्वी भिन्न आहेत. मज्जारज्जू हा कण्यातील चेतातंतूंचा दोर. त्याला येथे कोणी स्पर्शही करीत नाही. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील, रक्तपेशी घडविणारा मऊ पदार्थ. दुसरे भय असे, की सप्तधातूंपैकी एक धातू दिला तर शरीर कायमचे क्षीण होईल. वस्तुतः दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, एवढेच. पुढे कोणा रुग्णाशी जुळणी झालीच, तर बहुधा पाच दिवस इंजेक्शने देऊन, दंडातील रक्तातून यंत्राने मूलपेशी वेगळ्या काढतात व उरलेले रक्त शरीरात परत सोडतात. क्वचित भूल देऊन कटीच्या हाडातून मज्जा घेतात. अंगदुखी, थकवा हे त्रास होतात, पण ते थोड्या दिवसांचे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण झाले. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया व आपल्या भागास परिचित असलेला सिकलसेल यांवर हा उपाय होऊ शकतो. परंतु त्यासाठी दोघांच्या पेशींवरील खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून व निम्म्या वडिलांकडून येत असल्याने, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. इतरांना परका दाता शोधावा लागतो, आणि तो समान वंशपरंपरेच्या लोकांत सापडण्याची शक्यता अधिक. जगात चार कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. त्यांत आपली थोडी असतील, तर आपल्या मुलांनी कोणाकडे पाहावे?

मात्र भरीस पडून कोणी नाव देऊ नये. रोपणापूर्वी औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाचे प्राण संकटात येतात. म्हणून आधी शंका फेडाव्यात, घरच्यांशी बोलावे, आणि मगच शब्द द्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुम्हांस नोंदणी करता येणार नाही. पण मज्जा आणि मज्जारज्जू यांतील भेद आज रात्री जेवताना घरी समजावून सांगता येईल. आमच्या मते, आरंभ तेथूनच व्हावा.