आधी दुखणं थांबवा, मग पॉटी शिकवा

तीन वर्षांचं मूल खेळता खेळता एकदम गप्प होतं. पडद्याआड नाहीतर सोफ्याच्या मागे जाऊन उभं राहतं. टाचा उचलतं, पायात पाय अडकवतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. घरातले म्हणतात, ‘किती कुंथतोय बिचारा!’ पण बहुतेक वेळा ते कुंथत नसतं. आलेली शी ते सगळा जोर लावून आत परतवत असतं. हे ओळखता आलं नाही, तर पुढचे सगळे उपाय चुकीच्या दिशेने जातात आणि त्याची शिक्षा मुलाला होते.

शरीरात काय घडतं ते आधी पाहू. मलाशय भरलं की आतला गोल स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आपण आवळू शकतो, हे मुलाला साधारण दोन वर्षांच्या आसपास कळू लागतं. नेमक्या त्याच काळात कधीतरी शी घट्ट होते. तापामुळे, प्रवासामुळे, पाणी कमी पडल्यामुळे किंवा वरच्या दुधाचं प्रमाण वाढल्यामुळे. तो खडा बाहेर पडताना कातडीला बारीक चीर पडते, आग होते, कधी रक्ताचा ठिपका दिसतो. मूल त्यातून एकच धडा घेतं: हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. मग पुढच्या वेळी कळ आली की ते आवळून धरतं. थोड्या वेळाने कळ जाते, शी आतच राहते. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. दोन दिवसांनी ती आणखी घट्ट, आणखी जाड होऊन बाहेर येते आणि मुलाची भीती खरी ठरते.

हे चक्र महिनोन्‌महिने चाललं, की मलाशय ताणलं जातं. ताणलेल्या मलाशयाला भरल्याची जाणीव नीट होत नाही. आत अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी पाझरते आणि चड्डीला डाग पडू लागतात. घरच्यांना वाटतं, जुलाब झाले. काही जण जुलाब थांबवायचं औषधही देतात. नाहीतर वाटतं, पोर आळशी आहे, मुद्दाम करतंय. ‘एवढा मोठा घोडा झालास, चड्डीत करतोस?’ हे वाक्य किती घरांत बोललं जात असेल! ते मूल ‘मला कळलंच नाही’ म्हणतं, तेव्हा ते अगदी खरं बोलत असतं. त्याला खरोखरच कळलेलं नसतं. ज्या गोष्टीवर त्याचा ताबा उरलेला नाही, त्याबद्दल त्याला लाज वाटायला लावणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. शी मऊ होऊन, न दुखता बाहेर पडते हा अनुभव मुलाला काही आठवडे सलग यायला हवा. पॉटीचा विषय त्यानंतर. ब्रिस्टलमधल्या डॉक्टरांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला शीच्या सात प्रकारांचा तक्ता आज जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यात पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि कडक, तर चौथा लांबट, गुळगुळीत आणि मऊ. मूल रोज शीला बसतं, पण लेंड्याच टाकतं, तर त्याचं पोट साफ होतंय असं समजू नये. उलट, दिवसाआड होणारी मऊ शी बहुधा काळजीची नसते.

आहारात सगळ्यात आधी दुधाकडे पाहावं. आपल्याकडे ‘जेवला नाही, निदान दूध तरी प्यायला’ हे मोठं समाधान असतं. दिवसाला तीन-चार बाटल्या दूध आणि बिस्किटं यांवर वाढणारी मुलं शहरात सर्रास दिसतात, अलीकडे खेड्यातही. दोन वर्षांपुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरतं. त्याहून जास्त झालं की भाकरीची, उसळीची, पालेभाजीची जागा दूध खातं. तंतूंचा साधा हिशेब असा: मुलाच्या वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम रोज. तीन वर्षांच्या मुलाला आठ ग्रॅम. ज्वारीची अर्धी-पाऊण भाकरी, वाटीभर उसळ आणि पेरूच्या किंवा पपईच्या चार फोडी एवढ्यात ते होऊन जातं. भिजवलेल्या काळ्या मनुका आजीच्या काळापासून चालत आल्या आहेत, त्या खरंच उपयोगी पडतात.

पण मुलाने एकदा धरून ठेवायला सुरुवात केली, की नुसत्या मनुकांनी भागत नाही. बालरोगतज्ज्ञ पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं सिरप देतात. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, म्हणून शी मऊ राहते. ‘औषधाची सवय लागेल’ या धास्तीने बहुतेक घरांत ती आठवडाभरात बंद होतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ताणलेलं मलाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. हे उपचार किमान दोन महिने चालतात, पुष्कळदा त्याहून जास्त. डोस कमी करायचा तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणं किंवा साबणाची कांडी लावणं मात्र अजिबात नको. त्या घटकेला शी होते हे खरं, पण ज्या जागेची मुलाला आधीच भीती बसली आहे, तिथेच मोठ्यांनी जबरदस्ती केल्याची आठवण मागे राहते.

भीतीबरोबर दुसरी गोष्ट येते ती किळस. ती मुलात जन्मतः नसते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज मिसळून हुबेहूब कुत्र्याच्या शीसारखा पदार्थ बनवला आणि ‘ही कुत्र्याची शी’ असं सांगून लहान मुलांपुढे ठेवला. दोन वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो खाल्ला. किळस मूल आपल्याकडे पाहून शिकतं. लंगोट बदलताना आपण नाक दाबतो, तोंड वाकडं करतो, ‘किती घाण केलीस’ म्हणतो, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाने आनंदाने ‘आई, शी आली’ असं सांगावं अशी अपेक्षा करतो. स्वच्छता शिकवायचीच आहे. शीला हात लावायचा नाही, नंतर साबणाने हात धुवायचे, हे शांत आवाजात सांगता येतं.

आपल्या आज्या या बाबतीत पुष्कळ सहज होत्या. जमिनीवर पाय लांब करून, दोन्ही पावलं जुळवून त्यावर बाळाला बसवायचं, तोंडाने ‘सूऽऽ’ करायचं. दूध पाजल्यावर थोड्याच वेळात बसवायच्या, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्या वयात शिकलेली असे ती आजी. बाळाचा ताबा अजून यायचा असतो. तरीही त्या बसण्यात गुडघे वर, पाठीला आधार आणि समोर ओळखीचा चेहरा होता.

सगळीकडे एवढी सहजता नव्हती. अमेरिकी सरकारच्या बालसंगोपन पुस्तिकेत 1930 च्या दशकात शीचं शिक्षण आठव्या महिन्यापर्यंत पुरं करता येतं असं सांगितलेलं असे. या घाईला उत्तर दिलं ते बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांनी. आपल्याकडे येणाऱ्या 1170 मुलांच्या नोंदींवरून 1962 मध्ये त्यांनी मांडलं, की दीड वर्षानंतर, मुलाचा कल पाहून सुरुवात केली तर दिवसाचा ताबा सरासरी 28.5 महिन्यांना येतो. पुढे ते डायपरच्या जाहिरातीत दिसले आणि त्यावर टीकाही झाली. पण मूल तयार झाल्यावर शिकवा, हे त्यांचं म्हणणं टिकलं. मूल दीड-दोन तास कोरडं राहतं, चड्डी खाली ओढू शकतं, शी-शू झाल्याचं किंवा येत असल्याचं सांगतं, या तयारीच्या खुणा. त्या कुणात दोन वर्षांना दिसतात, कुणात तीनला. शेजारच्या मुलीला दीड वर्षात जमलं म्हणून आपल्या मुलाला ताणू नये. रात्रीच्या शूचा मामला तर वेगळाच. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं हा आजार मानतच नाहीत.

आता प्रत्यक्ष बसवण्याबद्दल. मोठ्यांच्या कमोडवर तीन वर्षांचं मूल बसलं की त्याचे पाय लोंबकळतात, ढुंगण आत घसरतं आणि पडू नये म्हणून ते अंग आवळून धरतं. आवळलेल्या अंगाने शी होणं कठीण. मलाशयाभोवती स्नायूचा एक पट्टा असतो. नुसतं बसलं असताना तो वाट वाकडी ठेवतो, उकिडवं बसलं की वाट सरळ होते. म्हणून कमोडवर लहान सीट लावावी आणि पायाखाली पाट किंवा उलटी बादली द्यावी, गुडघे कमरेच्या वर येतील इतकी. भारतीय बैठकीचं भांडं लहान पावलांना फार रुंद पडतं, तिथे जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी बरी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवावं, पाच मिनिटं पुरे. मोबाइल नको. फुगा, पिपाणी किंवा साबणाच्या पाण्याचे बुडबुडे द्यावेत. फुंकताना पोटातून दाब येतो आणि खालचे स्नायू सैल होतात. कौतुक करायचं ते बसल्याबद्दल. शी झाली नाही तरी ‘छान बसलास, चल’ एवढं म्हणून उठवावं.

काही मुलं शू पॉटीत करतात, पण शीला डायपरच मागतात. पालक इथे टेकीला येतात आणि डायपर लपवून ठेवतात. मग मूल चार-चार दिवस शी धरून ठेवतं. त्यापेक्षा डायपर द्यावा. आधी एवढंच सांगावं, की शी डायपरमध्ये करायची, पण बाथरूममध्ये उभं राहून. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसून. मग डायपर सैल बांधून, मग मधे भोक पाडून. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी लागू द्यावा. झालेली शी मुलादेखतच संडासात टाकावी, म्हणजे तिची जागा कुठे ते त्याला दिसतं. फ्लशच्या आवाजाला ते घाबरत असेल, तर ते बाहेर गेल्यावर फ्लश करावा. आपल्याच अंगातून आलेली वस्तू खळखळाटात गडप होताना पाहून लहान मूल दचकलं तर त्यात वेडेपणा काही नाही.

गप्पांमधून, चित्रांमधून विषय सहज करता येतो. तारो गोमी या जपानी चित्रकाराचं शीबद्दलचं पुस्तक 1977 मध्ये आलं आणि अनेक भाषांत गेलं. त्यात हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे शी करतात, एवढंच आहे, आणि मुलांना तेवढं पुरतं. आपल्याकडे तर पुस्तकही लागत नाही. गोठ्यातलं शेण, रस्त्यावरची घोड्याची लीद, खिडकीतला कबुतरांचा पसारा, सगळं मूल रोज पाहतं. त्याच्याशी त्यावर बोलावं.

ज्या वस्त्यांमध्ये संडास सार्वजनिक आहेत, तिथे मुलांना गटाराच्या कडेला बसवतात, कारण आतला अंधार, मोठं भोक आणि बाहेरची रांग मुलांना झेपत नाही. त्यांच्यासाठी घरातली पॉटी हाच चांगला मार्ग, आणि तिच्यातली शी नंतर संडासात. लहान मुलाच्या शीत काही वाईट नसतं ही समजूत खोटी आहे. जुलाबाचे जंतू तिच्यातूनही पसरतात, म्हणून मुलाला धुतल्यावर मोठ्यांनीही साबणाने हात धुवायला हवेत.

शी अडकण्यामागे नेहमी भीतीच असते असंही नाही. जन्मानंतर पहिले दोन दिवस शी झाली नसेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, शीतून वारंवार रक्त जात असेल किंवा पाय लुळे वाटत असतील, तर घरचे उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

आणि शाळा. नर्सरीत घेताना ‘डायपर चालणार नाही’ ही अट घालतात, पण मुलाच्या उंचीचा संडास सगळीकडे नसतो. वर्गात हात वर केला की ‘आत्ताच सुट्टीत गेला होतास ना?’ असं ऐकू येतं. मूल मग सकाळपासून घरी येईपर्यंत धरून ठेवतं, पाणी पिणंही टाळतं. शिक्षण हक्क कायदा 2009 पासून शाळेत मुलामुलींचे वेगळे संडास असायलाच हवेत असं सांगतो, पण तिथे कडी लागते का आणि पाणी येतं का हे पाहणं आपल्यावरच येतं. म्हणून प्रवेश घेताना वर्ग आणि खेळणी पाहून परतू नये. संडासाचं दार उघडून पाहावं, मुलाला आत उभं करून नळापर्यंत हात पोचतो का ते बघावं, आणि धुवायला मदत करणाऱ्या मावशींची नि मुलाची ओळख त्याच दिवशी करून द्यावी.