अलीगढचे १९२० : जे बाहेर पडले आणि जे थांबले

विद्यार्थी आंदोलनाचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन मते ऐकू येतात. वडील म्हणतात, मुलांनी शिकावे, बाकीच्या भानगडीत पडू नये. मुले म्हणतात, अन्याय दिसत असताना गप्प कसे बसायचे? हाच वाद १९२० साली अलीगढमध्ये झाला होता. त्याचा पुढचा इतिहास दोघांनीही वाचावा असे आम्हाला वाटते.

सर सय्यद अहमद खान यांनी उभारलेल्या मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजला त्या वर्षी विद्यापीठाचा दर्जा मिळायचा होता. कौमचे हे जुने स्वप्न होते. पण देशात खिलाफत आणि असहकाराचे वारे वाहत होते. ऑक्टोबरमध्ये गांधीजी व अली बंधू अलीगढला आले. कॉलेजने सरकारी अनुदान सोडावे, ही त्यांची मागणी. विश्वस्तांनी नकार दिला. सरकारशी नाते तोडले तर संस्थाच बुडेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. अनेक विद्यार्थी आणि काही शिक्षक मात्र बाहेर पडले.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली. माल्टाच्या कैदेतून त्याच वर्षी सुटलेले शेखुल हिंद मौलाना महमूद हसन आजारी असूनही आले. महिनाभरातच त्यांचे निधन झाले. हकीम अजमल खान पहिले कुलपती, तर मौलाना मोहम्मद अली पहिले कुलगुरू झाले. इकडे १ डिसेंबरला अलीगढ मुस्लिम विद्यापीठ अस्तित्वात आले. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ त्याच्या पहिल्या कुलपती. एका वादातून सव्वा महिन्यात दोन संस्था उभ्या राहिल्या!

खरी कसोटी मात्र घोषणा थांबल्यावर लागली. असहकार ओसरला, १९२४ साली तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि जामियाचा पैशाचा झरा आटला. ती बंद करावी असेही बोलले जाऊ लागले. हकीमसाहेबांनी १९२५ मध्ये तिला दिल्लीत करोलबागेत आणून पदरमोड करून जगवले. १९२० मध्ये बाहेर पडलेल्यांपैकी एक तरुण, झाकिर हुसेन, जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले आणि कुलगुरू झाले. वय २९. त्यांनी व सहकाऱ्यांनी वीस वर्षे दरमहा १५० रुपयांपेक्षा जास्त पगार न घेता सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. प्रत्यक्षात तेवढेही अनेकदा हाती पडत नसे. १९३५ मध्ये ओखल्याच्या इमारतीची कोनशिला बसवली, तीही कोणा नवाबाच्या नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान मुलाच्या हातून.

फाळणीनंतर अलीगढवर संशयाची सावली होती. ते सावरायला १९४८ मध्ये कुलगुरू म्हणून कोण गेले? तेच झाकिर हुसेन. ज्या दारातून निषेध करून ते बाहेर पडले होते, त्याच दारातून सेवेसाठी आत आले. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बंडखोर ठरवू नका. आणि मुलांनो, घोषणा एका दिवसाची असते, संस्था वीस वर्षांच्या सब्रने उभी राहते. मतभेद झाला तरी इल्मचे नाते तोडू नका. उद्या तेच दार तुम्हालाच सावरावे लागेल.