दाण्याएवढी गोष्ट

इंदुरात राहून तळणाविरुद्ध बोलणे हे मोठे धाडसाचे काम आहे. सकाळी पोहे-जिलबी, दुपारच्या जेवणात वरणावरही शेव, संध्याकाळी कचोरी आणि थंडीच्या दिवसांत मध्यरात्री सराफ्यातले तळलेले गराडू, असा ज्या नगरीचा दिनक्रम, तिथे कढईला नावे ठेवणाऱ्या डॉक्टरकडे लोक दयेने पाहतात. मीही याच नगरीची. रामबागेतल्या माहेरी शेवेचा डबा कधी रिकामा पाहिल्याचे मला आठवत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सोनोग्राफीच्या अहवालांत 'फॅटी लिव्हर' हे शब्द वारंवार वाचावे लागले आणि पालकांना उपदेश करताना स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहणे भाग पडले.

अशा अवस्थेत एका दिवाळीला पुण्याहून लेकीने एअर फ्रायर पाठवला. तो ठेवायचा कुठे, हा पहिला प्रश्न. आमच्या सासूबाई शुद्ध शाकाहारी. माझे यजमान शल्यचिकित्सक आणि सामिषप्रेमी. त्यांच्या तरुणपणी घरात साधे ऑम्लेटसुद्धा मागच्या अंगणात वेगळ्या स्टोव्हवर होत असे. अंगण गेले, सदनिका आली, पण मर्यादा राहिली. मग मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एका छोट्या टेबलावर या यंत्राची स्थापना झाली. सासूबाईंनी दुरून पाहून विचारले, "यात तेल नाही, धूर नाही, वासही घरात येत नाही, मग चिकन केलंस तरी मला कळणार कसं?" मी ही परवानगीच समजले.

एअर फ्रायर हे नाव तसे थोडे फसवे आहे. यात काहीच तळले जात नाही. वर तापणारे वेटोळे, त्याच्या मागे वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच संसार. हवा वेगाने पदार्थाभोवती फिरते, पृष्ठभागावरची ओल झपाट्याने उडवते आणि तो भाग पुरेसा कोरडा व गरम झाला की प्रथिने व शर्करा यांच्या संयोगाने तो तांबूस, खमंग होतो. थोडक्यात, ही एक छोटी आणि चपळ भट्टी. फ्रेड व्हॅन डर वाय या डच संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात जगापुढे आणले आणि पुढच्या दशकभरात ते आपल्या ओट्यावर येऊन बसले.

आता पदार्थाविषयी. आमच्या घरी रविवारी रात्री 'चायनीज'चे पार्सल आणण्याची जुनी प्रथा. त्यात सर्वांची आवड एकच, शेंगदाणे किंवा काजू घातलेले झणझणीत चिकन. हा पदार्थ मूळचा चीनच्या सेचुआन प्रांताचा. डिंग बाओझेन हे एकोणिसाव्या शतकातले तिथले राज्यपाल. त्यांच्या 'गोंगबाओ' या दरबारी पदवीवरून त्याला कुंग पाओ चिकन हे नाव पडले, असे सांगतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात राजेशाहीची आठवण नको म्हणून हे नावसुद्धा बदलले गेले होते! काजूची कथा वेगळी. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात स्प्रिंगफील्ड गावी डेव्हिड लिआँग या चिनी आचाऱ्याने १९६३ साली उपाहारगृह उघडले. तळलेल्या कोंबडीची आवड असलेल्या तिथल्या लोकांसाठी त्यांनी तळलेल्या तुकड्यांवर सॉस आणि काजू घालून दिले, आणि ते त्या गावाचे भूषण ठरले. मौज अशी, की मिरची, शेंगदाणा आणि काजू हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. काजू पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरला आणि कोकणचा झाला. शेंगदाणा तर आपल्या दाण्याच्या कुटात इतका मुरला, की तो परका होता हे सांगूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

कृती सोपी आहे. अर्धा किलो बोनलेस चिकनचे इंचभराचे तुकडे करून पुसून कोरडे करावेत. हे कोरडे करणे फार महत्त्वाचे. त्यांना एक चमचा सोया सॉस, आले-लसणाचे वाटण, मिरपूड आणि एका अंड्याचा पांढरा बलक लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. नंतर तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कोरडेच घोळवावे. भज्यांसारखे पातळ पीठ इथे चालत नाही, ते जाळीतून गळते आणि चिकटून बसते. वरून दोन लहान चमचे तेल चोळून, एकावर एक न ठेवता, १९० ते २०० अंशांवर बारा मिनिटे ठेवावे. मध्ये एकदा टोपली हलवावी. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा, आत गुलाबी रंग दिसता कामा नये. मांसात खुपसण्याचा तापमापक असल्यास ७४ अंश भरले पाहिजेत. त्या तापमानाला साल्मोनेलासारख्या जंतूंची भीती उरत नाही.

दाणे मात्र वेगळे भाजावेत, १६० अंशांवर चार-पाच मिनिटे. चिकनबरोबर टाकले तर जळतात. पहिल्या वेळी मी सालासकट दाणे टाकले. पंख्याच्या वाऱ्याने ती लाल टरफले उडून वरच्या वेटोळ्यावर चिकटली आणि गॅलरीत होळी पेटल्याचा वास सुटला. तेव्हा दाणे भाजून, सोलून, पाखडून मगच घ्यावेत. शेवटी कढईत चमचाभर तेलावर सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि ढोबळी मिरची परतून त्यात दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा साखर आणि पाण्यात कालवलेले थोडे कॉर्नफ्लोअर घालावे. रस चकाकला की चिकन, दाणे आणि पातीचा कांदा घालून दोनदा परतावे व लगेच वाढावे. सोया सॉस बेताने, कारण मोठ्या चमचाभर सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसाला दोन हजारांच्या आत राहण्यास सांगितले आहे. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन अमाप, त्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही १९८७ पासून इंदुरातच. तरी त्याच्या सॉसचा अभिमान बाळगताना मिठाचा विसर नको. हिशेब प्रामाणिक हवा म्हणून हेही सांगते, की तेलाच्या वाचलेल्या उष्मांकांपैकी बरेच दाण्यांवाटे परत येतात. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २८० उष्मांक असतात, मात्र त्याबरोबर बारा-तेरा ग्रॅम प्रथिनेही मिळतात.

वाचकहो, पाककृती इथे संपली. लेख मात्र इथे संपवता येत नाही, कारण बालरोगतज्ज्ञाला दाणा हा शब्द निव्वळ पाककृतीत वाचता येत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच स्वतंत्र व्यवसाय सुरू केला होता. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा खोकला आणि तापासाठी माझ्याकडे आला. छातीत थोडी घरघर होती. मी प्रतिजैविक दिले, नेब्युलायझर दिला. चार दिवस बरे गेले, पुन्हा खोकला. क्ष-किरण चित्र काढले, त्यात विशेष काही दिसले नाही. मी औषध बदलले. तिसऱ्या आठवड्यात आईऐवजी आजी त्याला घेऊन आल्या. मी लिहीत असताना त्या सहज म्हणाल्या, "एकादशीला खिचडी खाताना हसला आणि इतका ठसका लागला, की निळा पडला होता. तेव्हापासूनच बघा हे."

माझा हात थांबला. तीन आठवड्यांत मी तापाचा तक्ता विचारला, लसी विचारल्या, घरात कोणाला दमा आहे का हे विचारले. खाताना ठसका लागला होता का, हा एकच प्रश्न विचारला नव्हता. स्टेथोस्कोप पुन्हा लावला. उजव्या बाजूला हवा कमी येत होती, आणि ती आजही आली असे वाटत नव्हते. उच्छ्वासाच्या वेळी काढलेल्या चित्रात उजवे फुप्फुस फुगलेलेच राहिले. हवा आत जात होती, बाहेर पडत नव्हती. शेंगदाणा क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून पहिले चित्र निर्दोष वाटले होते. कान-नाक-घसा तज्ज्ञ सहकाऱ्यांनी त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून साबुदाण्याच्या खिचडीतला अर्धा दाणा बाहेर काढला. तो फुगून मऊ झाला होता आणि त्यातल्या तेलाने भोवतालचा भाग लालबुंद झाला होता. मूल दोन दिवसांत खेळू लागले. त्याच्या आईवडिलांसमोर मी म्हणाले, "हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते." वडील काही बोलले नाहीत. आजींनी तेवढे विचारले, "मी आधीच सांगायला हवं होतं का?" या प्रश्नाने मला अधिक लाज वाटली. सांगणे त्यांचे काम नव्हते, विचारणे माझे होते.

त्या दिवसापासून खोकल्याच्या प्रत्येक लहान मुलाच्या पालकांना मी हा प्रश्न आधी विचारते. चार-पाच वर्षांखालील मुलाला दाणा, काजू, बदाम, चणे, फुटाणे अख्खे देऊ नयेत. मागच्या दाढा आल्या तरी चघळणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो, त्यात हसणे, पळणे, रडणे असतेच. प्रसंग आलाच आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज आणि श्वास बंद झाला तर तान्ह्याला पालथे धरून पाठीवर पाच थापा व उताणे करून छातीवर पाच दाब, वर्षावरील मुलाला पाठीवर पाच थापा व पोटावर पाच दाब, हे आलटून पालटून करत मदत बोलवावी. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते.

याच भीतीतून आमच्या पिढीच्या हातून दुसरी चूक झाली. २००० साली अमेरिकेच्या बालरोग अकादमीने ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला दिला. आम्ही तो सरसकट सर्वांना दिला. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. मग २०१५ साली लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने ६४० तान्ह्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या या मुलांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे अख्खा दाणा धोक्याचा, पण तोच दाणा बारीक कुटून, वरचे अन्न सुरू झाल्यावर, पेजेत किंवा भाजीत कालवून दिला तर तो हिताचा. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावा. दाणा खाऊन अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी आणि धाप असे काही झाले तर घरी वाट पाहू नये. आपल्याकडे स्वतः टोचण्याचे ॲड्रेनॅलिनचे पेन सर्रास मिळत नाही, पण ॲम्प्युल प्रत्येक दवाखान्यात हवे. मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि तेही विनाविलंब, हे आपण डॉक्टरमंडळींनी पुनःपुन्हा घोकले पाहिजे.

गेल्या महिन्यात माझी भाची आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जेवायला आली. मी गॅलरीतून चिकनची थाळी आणली. वर काजू आणि दाणे छान तांबूस दिसत होते. त्याने हात पुढे करून काजूच मागितला. सगळे कौतुकाने हसले. यजमान म्हणाले, "एका काजूने काय होतंय, दे की." पस्तीस वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाचे हे वाक्य! मी थाळी त्याच्या हाताला लागणार नाही इतकी दूर सरकवली. त्याच्यासाठी बिनमिरचीचे चिकन आधीच वेगळे काढून बारीक तोडून ठेवले होते. ते मऊ भातात कालवले आणि त्यावर चमचाभर दाण्याचा कूट घातला. त्याने थोडा वेळ रुसवा धरला, मग सगळे खाल्ले.

सासूबाई आपल्या ताटावरून हे पाहत होत्या. जेवणे झाल्यावर म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरांना कूटच घालत होतो आम्ही. अख्खा दाणा हाती दिला तर सासू ओरडायची."

इतकी वर्षे मी जे पुस्तकांतून शिकत आणि दुरुस्त करत आले, ते त्या घरच्या खलबत्त्यापाशी शिकल्या होत्या. मी त्यांना काही बोलले नाही, फक्त कुटाचा डबा त्यांच्या हाती देऊन म्हणाले, "उद्या जास्तीचा करून ठेवा."