गुदमरणे : श्वासाचे आणि मनाचे



या अंकातील शब्दओळख आम्हाला एका निबंधावरून सुचली. सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते, "वर्गात माझा जीव गुदमरतो." आम्ही तातडीने खिडक्या तपासल्या, एक गंजलेली कडी बदलून घेतली आणि काम झाले असे समजलो. आठवड्याने त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले की तक्रार हवेची नव्हतीच. तो घरच्या बोलीत बोलला की मुले हसत, म्हणून त्याने वर्गात तोंड उघडणेच सोडले होते. शब्द आम्हाला ठाऊक होता, अर्थ मात्र चुकला.

'गुदमरणे' म्हणजे मुळात श्वासाला हवा न मिळणे. हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. बंद खोलीत शेगडी धुमसत राहिली किंवा जुन्या विहिरीच्या तळाशी कर्बवायू साचला, तर माणूस गुदमरतो. या शब्दाची भावंडे पुष्कळ आहेत. तिखटाने ठसका लागतो, घास घशात अडकतो, सर्दीने नाक चोंदते, कचऱ्याने गटार तुंबते. दुसरा कोणी गळा आवळतो, पण मुलीच्या पाठवणीला गळा आपोआप दाटून येतो. मनाचे कोंडलेपण सांगायला 'घुसमट' आणि 'कोंडमारा' हे शब्द आहेत.

आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. हिंदीत बहुधा 'दम घुटता है' म्हणतात. कन्नडात 'उसिरुगट्टु' हा शब्द आहे. उसिरु म्हणजे श्वास आणि कट्टु म्हणजे बांधणे. या दोन्हींत श्वास अडतो. मराठीत जीव गुदमरतो, तसा 'मी गुदमरलो' असा माणूसही सरळ कर्ता होतो. म्हणून मुलांनी 'माझा दम घुटला' असे लिहिले, तर नुसती लाल रेघ न मारता हा फरक समजावून द्यावा. बिदर-कलबुर्गीच्या मुलांच्या कानावर तीन-चार भाषा पडतात. ते दारिद्र्य नव्हे, भांडवल आहे.

आपल्या बिदरमधील नौबादची कारेज पाहा. बहमनी काळातल्या या भुयारातून उताराने पाणी वाहत असे आणि वरून उभ्या विवरांतून हवा व उजेड आत येई. पुढे गाळ साचला, विवरे कचऱ्याने बुजली आणि पाणी अडले. 2015 च्या सुमारास गाळ काढल्यावर तिला पुन्हा पाणी दिसले. पाणी संपले नव्हते, वाट बंद झाली होती. मुलांच्या बोलण्याचेही असेच होते.

खरोखर घास अडकला, तर मात्र अर्थाचा विचार करीत बसू नये. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. त्याला बोलता किंवा खोकता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने 5 ठोसे द्यावेत. तेवढ्याने घास निघाला नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर 5 झटके द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाला पोटावर झटके देऊ नयेत. पाणी पाजू नये, न दिसणारा घास बोटाने चाचपू नये. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

आणि मनाचा घास अडकला असेल तर? तिथे ठोसे नकोत, जवळ बसणे हवे. त्या मुलाने गेल्या महिन्यात परिपाठाला घरच्या बोलीत एक गोष्ट सांगितली. मुले हसली, पण गोष्टच हसण्याची होती. पालकांनीही आज घरी एवढेच विचारावे : बाळा, शाळेत मोकळे वाटते ना?

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक