विमानाचा एक आणा हिस्सा

खासगी जेट विमानाची मालकी वाटून घेण्याच्या पद्धतीत एका विमानाचे सहसा सोळा हिस्से पाडतात. जुन्या हिशेबाने पाहिले तर सर्वांत लहान हिस्सा रुपयातल्या एका आण्याएवढा. सोळा आणे विमानाचे वर्षाला ८०० तास उड्डाण धरले, की एका आण्याच्या वाट्याला ५० तास येतात आणि चार आण्यांच्या वाट्याला २००.

ही पद्धत अमेरिकेत १९८६ साली सुरू झाली. ओहायो राज्यातल्या कोलंबसची ‘एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन’ ही १९६४ सालची चार्टर कंपनी १९८४ मध्ये रिचर्ड सँटुली यांनी विकत घेतली. गणिताचे शिक्षण घेतलेल्या सँटुलींनी कंपनीच्या जुन्या उड्डाणनोंदी तपासल्या, किती हिस्सेदारांना किती विमाने पुरतील याचा हिशेब मांडला आणि ‘नेटजेट्स’ या नावाने चौथाई हिस्से विकायला काढले. अमेरिकेतल्या तिच्या विमानांच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी येणारी ‘क्यूएस’ ही अक्षरे त्याच ‘क्वार्टर शेअर’ची खूण आहेत. १९९८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी घेतली.

हिस्सेदाराला तीन खर्च असतात: हिश्श्याची किंमत, वैमानिक, देखभाल व विमा यांसाठीचे मासिक शुल्क आणि उड्डाणाचा तासाचा दर. इंधनाचा भार दरात धरतात किंवा वेगळा लावतात. करार बहुधा पाच वर्षांचा असतो. तो संपल्यावर हिस्सा त्या वेळच्या बाजारभावाने परत घेतला जातो, त्यामुळे किमतीतली घट हिस्सेदाराच्याच अंगावर पडते.

एखाद्या हिस्सेदाराने न्यू यॉर्कजवळच्या टीटरबरोहून सकाळचे विमान मागितले, की नियंत्रण कक्षात जुळवाजुळव सुरू होते. जवळ कोणते विमान मोकळे आहे, त्याच्या वैमानिकांच्या ड्यूटीचे किती तास उरले आहेत, उतरायची धावपट्टी लांबीला पुरते का, तिथले हवामान कसे आहे, हे सगळे तपासावे लागते. त्याचा हिस्सा असलेले विमान त्या वेळी दुसऱ्याच गावी असू शकते. मग त्याच जातीचे दुसरे विमान येते. ते रिकामे उडत येते आणि प्रवासी उतरल्यावर पुष्कळदा रिकामेच पुढच्या कामाला जाते. हिस्सेदाराच्या खाती प्रवासी बसलेला वेळच मांडतात. त्यात जमिनीवर विमान चालवण्यासाठी सहसा दोन्ही टोकांची मिळून बारा मिनिटे धरतात. म्हणजे हिस्सेदार विकत घेतो ती मुख्यतः हमी: काही तासांच्या सूचनेवर विमान दाराशी येईल, ही. ती पाळता यावी म्हणून कंपनीला स्वतःची जादा विमाने राखावी लागतात. थँक्सगिव्हिंगच्या सुटीसारख्या गर्दीच्या दिवसांसाठी करारात अधिक आगाऊ सूचनेची अट असते.

चार्टरमध्ये भांडवल गुंतत नाही. एका फेरीचे भाडे ठरते. मात्र विमान रिकामे आणण्या-नेण्याचा खर्च बहुधा त्याच बिलात येतो. परतीची अशी रिकामी फेरी कंपन्या स्वस्तात विकतात, पण वेळ आणि मार्ग त्यांचा. दोन्हींच्या मधली सोय म्हणजे जेट कार्ड. त्यात २५ तास आगाऊ घेता येतात.

मागणीचे मूळ भूगोलात आहे. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, पण नियमित विमानसेवा साधारण ५०० ठिकाणीच पोहोचते. एका दिवसात तीन लहान गावांतले कारखाने पाहून घरी परतायचे तर खासगी विमान उपयोगी पडते. मागणी अर्थस्थितीबरोबर हलते. २००८च्या मंदीनंतर हिस्स्यांची विक्री आटली, जुन्या विमानांचे भाव कोसळले. करोनाकाळात मात्र गर्दी टाळणारे नवे ग्राहक आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नेटजेट्सला जेट कार्डांची नवी विक्री थांबवावी लागली. प्रवासीगणिक कार्बन उत्सर्जन नियमित विमानापेक्षा कितीतरी पट जास्त असते, आणि रिकाम्या फेऱ्या त्यात भर घालतात.

निवड अखेर तासांवर ठरते. वर्षाला पाच-दहा तास उडणाऱ्याला चार्टर पुरते, २५च्या आसपास जेट कार्ड, ५०च्या पुढे हिस्सा. काहीशे तास उडणाऱ्यालाच सोळा आणे विमान परवडते.