स्वतःचं न्यूज पोर्टल : काढणं सोपं, टिकवणं अवघड

कोंढव्यात किंवा कॅम्पात चार तरुण बसले, की एक विषय हमखास निघतो. आपलं स्वतःचं मीडिया हवं. मोठ्या चॅनलवर मोहल्ल्याची बातमी आली तरी ती बहुतेक वादाचीच असते. शाळा सोडलेल्या मुलांची, अडकलेल्या स्कॉलरशिपची बातमी कोण करणार? यूट्यूब चॅनल फुकट निघतं, वेबसाइट काही हजारांत उभी राहते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

पुण्याला हा अनुभव नवा नाही. 1 जानेवारी 1877 रोजी भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केलं. शेतकरी-बहुजनांची बाजू मांडणारं हे पत्र सत्यशोधक चळवळीचा आवाज होतं. पण पैशाचं गणित जमलं नाही. 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन पुन्हा उभं केलं. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ आलं. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले होते, तरी 1923 मध्ये ते बंद पडलं. सुरुवातीची मदत मिळाली म्हणून रोजचा खर्च भागत नाही.

आज काय वेगळं आहे?

छपाईचा खर्च गेला, पण बातमीदाराचा पगार तोच आहे. गुगलच्या जाहिरातीचे पैसे बघणाऱ्यांच्या संख्येवर मिळतात. भडक मथळ्याला लाखो बघणारे, वॉर्डातल्या पाण्याच्या बातमीला दोनशे. मग हळूहळू आपणही भडक होत जातो. दुसरा रस्ता स्थानिक बिल्डर आणि पुढाऱ्यांचा. ईदच्या शुभेच्छांची जाहिरात घेतली, की त्याच माणसाच्या बेकायदा बांधकामाची बातमी लावताना हात थरथरतो.

कायद्याचाही धाक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मोठ्या पेपरकडे वकील असतात. दोन-तीन जणांचं पोर्टल मात्र एका नोटिशीनेच गार पडतं. म्हणून कागदपत्रं हातात घेऊन, समोरच्याची बाजू विचारूनच बातमी द्यावी. चुकलं तर उघड दुरुस्ती करावी.

मग करायचं काय?

आधी वर्षभराचा खर्च मांडा. 500 कुटुंबांनी महिन्याला 50 रुपये दिले, तर 25,000 होतात. एवढ्यात एक पूर्णवेळ बातमीदार कसाबसा ठेवता येतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे दर वर्षी वाचकांपुढे ठेवा.

आणि थोडं आपलंही. मशिदीसाठी, मदरशासाठी आपण सढळ हाताने देतो, अल्हम्दुलिल्लाह. बातमी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फुकटच हवी असते. आपला आवाज कुणी दाबतं, ही तक्रार खरी आहे. पण आपल्याच वाचकांनी हात आखडल्यामुळे बंद पडलेल्या आवाजाचं काय? त्याची तक्रार कुणाकडे करायची?