तीनातला एक ठोका

सकाळचे सात वाजताहेत आणि अंजूर फाट्यावर कंटेनरची रांग लागलीसुद्धा. गोदामांकडे वळणारे ट्रेलर धूळ उडवत पुढे सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. गॅरेज फाट्यापासून थोडं आत, राहनाळकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू आहेत. त्यांच्या खडखडाटामुळे इथे बोलायचं तर सगळ्यांनाच आवाज चढवावा लागतो.

आमची 1998 सालची ओम्नी काल रात्रीपासून इथेच उभी आहे. चालकाची आणि शेजारची, दोन्ही सीटा उचललेल्या. खाली तेल आणि धुळीने माखलेलं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. मिस्त्रींनी काल जाताना बजावलं होतं, ‘‘सकाळी मी येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाय.’’ अण्णा माझ्याही आधी येऊन बसलेत. चावी त्यांच्या मुठीत आहे.

गाडीचं दुखणं दोन महिन्यांचं. रोज सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं मिसिंग. मागून पांढरा धूर. मग गाडी सुरळीत चालते, पण मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जातो आणि मिसिंग पुन्हा सुरू. आधीच्या एका गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, डिस्ट्रीब्युटरची कॅप बदलली, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. पाणी कमी होतं म्हटल्यावर होज पाइपही बदलला. वर थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणे त्याची गरज नसते. प्रत्येक वेळी पैसे गेले, पाणीही जात राहिलं. मला सगळ्यात लागलं ते हे की मिसिंग आणि पाणी या दोन गोष्टी कुणी एकत्र धरल्याच नाहीत. एक तक्रार प्लगच्या खात्यात, दुसरी रेडिएटरच्या.

अण्णांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘‘तीनातला एक ठोका गळतोय.’’ आयुष्यभर मागांवर जॉबर म्हणून काम केलेला माणूस. चाळीस माग एकदम चालत असताना कुठल्या मागाचा धोटा नीट येत नाही, हे त्यांना न बघता कळायचं.

काल संध्याकाळी गाडी इथे आणली तेव्हा ती फाट्यावरच्या गर्दीत तापून थरथरतच आली. मिस्त्रींनी कोरडं फडकं घेऊन एकेका प्लगची वायर उपसली. पहिली काढली, इंजिन मरायला टेकलं. तिसरी काढली, तेच. दुसरी काढली आणि काहीही फरक पडला नाही. मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात. ठोका दुसऱ्यातच गळत राहिला. प्लग परत आपापल्या जागी लावून वायरींची अदलाबदल केली, तरी दुसऱ्यातच. एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं. या पद्धतीला अर्धा तास लागला आणि एक रुपयाही लागला नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यांनी रेडिएटरवर झाकणाऐवजी प्रेशरचा हातपंप बसवला. झाकणावर 0.9 हा आकडा कोरलेला असतो. तेवढा दाब धरला की आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, सुमारे 118 पर्यंत तग धरतं. (तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये ते याचमुळे. दाब सुटला की सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.) काटा 0.9 वर आणला, गाडीखाली कोरे पुठ्ठे अंथरले आणि शटर ओढलं.

आता मिस्त्री येतात. चहाही न घेता आधी काटा बघतात. निम्म्याच्या खाली उतरलाय. मग वाकून पुठ्ठे ओढतात. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खाली रुपयाएवढा एक डाग, बाकी पुठ्ठा कोरडा.

‘‘काका, एवढ्याशा थेंबानं काटा इतका पडंल का?’’

अण्णा मान हलवतात. ‘‘बाहेर नाही ना? मग आत.’’

तिन्ही प्लग निघतात. एक आणि तीन नंबरचे तपकिरी, विटकरी, जसे असावेत तसे. दोन नंबरचा पांढराफटक, जणू कुणी धुऊन ठेवलाय. मिस्त्री तो माझ्या तळहातावर ठेवतात. दोन महिने हा पुरावा आत बसून होता, आणि आधी ज्यांनी प्लग बदलले त्यांनी जुने प्लग बहुधा न बघताच फेकले.

‘‘काका, मारा स्टार्टर. तोंड लांब ठेवा.’’

अण्णा वाकून चावी फिरवतात. इंजिन घरघरतं आणि दुसऱ्या भोकातून हिरवट तुषारांची पिचकारी उडते, थेट वरच्या पत्र्यापर्यंत. दोन्ही बाजूंची भोकं नुसती हवा फुंकताहेत. गॅरेजभर गोडसर वास पसरतो.

कुणी काही बोलत नाही. शेजारचे माग खडखडत राहतात.

गाडी बंद झाल्यावर उरलेल्या दाबाने पाणी हेड गॅस्केटमधून दुसऱ्या सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी प्लग भिजलेला असतो, ठिणगी पडत नाही. मग हळूहळू पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. तोच तो पांढरा धूर. पौषातल्या थंडीत कुठल्याही गाडीतून थोडी वाफ निघते, पण ती मिनिटभरात विरते. आमची विरत नव्हती.

दुपारपर्यंत हेड उतरतं. तीन पिस्टन दिसतात. दोन काळे, काजळी धरलेले. मधला स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. रोजच्या वाफेने त्याच्यावरची काजळी खरवडून नेलीय. गॅस्केटवर दुसऱ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत बोटाच्या पेराएवढा फिकट मार्ग उमटलाय. मिस्त्री हेडवर लोखंडी पट्टी आडवी धरतात आणि खाली बारीक पाती सरकवतात. कडेला अडते. मध्यावर सहज आत जाते.

‘‘तापून वाकलंय. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोघांचं फुगणं सारखं नाय.’’

खरंच आहे. तेवढ्याच तापमानवाढीत ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि गर्दीत दरवेळी काटा लालपर्यंत जाऊ दिला तो आम्हीच. ब्लॉकच्या वाटांमध्ये विटकरी गाळ साचलाय. मधली काही वर्षं बोअरचं पाणी ओतलं, त्याचा.

हेड फडक्यात गुंडाळून गॅरेजमधला पोरगा लेथवर फेसिंगला निघतो. नवी गॅस्केट, नवी वॉटर बॉडी, काढून टाकलेला थर्मोस्टॅट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अशी यादी मिस्त्री खडूने दारावर लिहितात. काढलेलं कूलंट ते गटारात ओतत नाहीत, बुचाच्या कॅनमध्ये भरतात. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

अण्णा अजून उघड्या ब्लॉकपाशीच उभे आहेत. मधल्या पिस्टनवरून ते बोट फिरवतात, ते स्वच्छ निघतं. मग बाजूच्या पिस्टनवरून फिरवतात आणि काळं झालेलं बोट मला दाखवतात.